अविभाज्य बोजा

परिवहन खात्याच्या परवान्यांत आणि परिपत्रकांत वारंवार येणारी एक संज्ञा मला अनेक वर्षे भुलवीत आली आहे : अविभाज्य बोजा. जो भार अवाजवी खर्च केल्याशिवाय किंवा मोडतोडीचा धोका पत्करल्याशिवाय लहान भागांत वाटून नेता येत नाही, तो अविभाज्य. वाळू विभाज्य, ऊस विभाज्य, सिमेंटची पोती विभाज्य. वीजकेंद्राचे अजस्र रोहित्र, पवनचक्कीचे पाते, रसायनांच्या कारखान्यातील उंच मनोरा अविभाज्य. साहित्याच्या अभ्यासकाला ही व्याख्या ओळखीची वाटावी, यात नवल नाही. कवितेचे तुकडे करता येत नाहीत असे आम्ही वर्गात तीस-पस्तीस वर्षे सांगत आलो, आणि लगेच खडू हाती घेऊन तिचे तुकडे करून दाखवीत आलो. रस्त्याचा कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा सरळ आहे. ज्याचे भाग होतात त्याचे भाग करा, असे तो सांगतो; ज्याचे होत नाहीत त्याच्यासाठी मात्र रस्त्यालाच थोडे बदलावे लागेल, हेही तो मान्य करतो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्यामागोमाग आलेले १९८९ चे केंद्रीय नियम यांनी वाहनाला एक देह ठरवून दिला आहे. रुंदी २.६ मीटरहून अधिक नसावी, अमुक लांबी, तमुक उंची, प्रत्येक आसावर अमुक इतकेच वजन. या मापांबाहेरचा भार न्यायचा तर वेगळी परवानगी, वेगळा मार्ग, वेगळी वेळ. ही माणसाची फार जुनी खटपट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणात रस्त्यांच्या रुंदीची मोजमापे दिली आहेत. राजमार्ग, स्मशानाकडे जाणारी वाट, गावाची वाट, हत्तींची वाट, रथाची वाट, गुरांची वाट आणि शेवटी शेळ्यामेंढ्यांची व माणसांची मिळून एक वाट. रथपथाला तो पाच अरत्नी रुंदी देतो. अरत्नी म्हणजे साधारण हातभर, दीड फूट धरली तर साडेसात फूट होतात. आपल्या नियमातले २.६ मीटर म्हणजे साडेआठ फूट. दोन सहस्रकांत वाहनाच्या रुंदीत हातभरही वाढ झालेली नाही. वाढले ते वजन. त्याच ग्रंथात वाट अडविणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि तोही वाटेच्या प्रतिष्ठेप्रमाणे चढत जाणारा : क्षुद्र पशूंची व माणसांची वाट अडविल्यास बारा पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास चोवीस, आणि असा वाढत वाढत एक हजार पणांपर्यंत. माणसाची वाट सर्वांत स्वस्त आहे, हे वाचताना प्रत्येक वेळी मी थबकतो. शेळीच्या पंक्तीला बसविल्याचे मला वाईट वाटत नाही. पण मोलाचा क्रम डोळ्यांत भरतो.

अविभाज्य बोजा वाहून नेण्याचे आपल्याकडचे सर्वांत सविस्तर जुने वर्णन माझ्या माहितीत शम्स-इ-सिराज अफीफ याच्या फिरोजशाही इतिहासातले आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान फिरोजशाह तुघलकाला आजच्या हरियाणातील टोपरा या गावी एक प्रचंड पाषाणस्तंभ दिसला आणि तो दिल्लीला न्यावा असे त्याच्या मनाने घेतले. अफीफ सांगतो की त्या वेळी आपण बारा वर्षांचे होतो. त्याच्या निवेदनात बारा वर्षांच्या मुलाचे डोळे अजून उघडे आहेत, असे वाचताना वाटते; कारण तो सुलतानाची स्तुती आटोपती घेतो आणि कापसाविषयी मात्र भरभरून लिहितो. आसपासच्या लोकांना सावरीचा कापूस आणण्याचा हुकूम झाला. त्याचे ढीग स्तंभाभोवती रचले. पायथ्याची माती उकरली, तेव्हा स्तंभ त्या गादीवर अलगद कलला. मग थोडा थोडा कापूस काढून घेत काही दिवसांनी तो जमिनीवर टेकविला. नंतर त्याला बोरू आणि कच्च्या कातड्यांनी नखशिखांत गुंडाळले. बेचाळीस चाकांचा गाडा बांधला, प्रत्येक चाकाला दोर आणि प्रत्येक दोराला दोनशे माणसे. गुणाकार केला तर आठ हजार चारशे होतात. अशा रीतीने तो यमुनाकाठी आला, होड्यांवर चढला आणि दिल्लीत फिरोजाबादला उतरला.

त्या स्तंभावर काही तरी कोरलेले होते. ते वाचून घेण्यासाठी ब्राह्मण पंडितांना बोलावणे गेले. कोणालाच ती लिपी लागली नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तेव्हा कळले की हे अशोकाचे शासन आहे. अशोकाचा सातवा स्तंभलेख या एकाच स्तंभावर आढळतो. त्या लेखात राजा म्हणतो तो आशय असा : रस्त्यांच्या कडेने वड लावले आहेत, म्हणजे जनावरांना आणि माणसांना सावली होईल, आमराया लावल्या आहेत, ठरावीक अंतरावर विहिरी खोदविल्या आहेत, विसाव्याच्या जागा केल्या आहेत. आठ हजारांवर माणसे जो दगड उन्हातान्हात ओढीत होती, त्याच दगडावर रस्त्याने जाणाऱ्यांच्या सावलीची तजवीज लिहिलेली होती. पाठ्य आणि संदर्भ यांच्या नात्याविषयी आम्ही समीक्षकांनी पुष्कळ कागद खर्च केला आहे. या एका प्रसंगापुढे मला त्यातला बराचसा फिका वाटतो. येथेही, अशोकाच्या यादीत, जनावर आणि माणूस शेजारी-शेजारी आहेत. फक्त दंडाऐवजी सावली आहे.

त्या बेचाळीस चाकांची आठवण मला जुलै २०२० मध्ये झाली. महाराष्ट्रातून आदल्या वर्षीच्या जुलैत निघालेला चौऱ्याहत्तर चाकांचा एक ट्रेलर तेव्हा तिरुवनंतपुरमला पोहोचला. त्यावर विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी तयार केलेले ऑटोक्लेव्ह, म्हणजे उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने अवकाशयानांचे मोठे भाग पक्के करणारे आडवे पात्र होते. वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. नियमातल्या रुंदीच्या अडीचपट. सुमारे १,७०० किलोमीटरच्या अंतराला एक वर्ष लागले. दिवसाचे सरासरी पाच किलोमीटरही भरत नाहीत. पंढरीची पायी वारी याच्या कितीतरी पुढे निघून गेली असती. वाटेत टाळेबंदी आली आणि हा लवाजमा आंध्र प्रदेशात अडकून पडला. बत्तीस माणसे त्या यंत्राबरोबर चालत होती. वर्तमानपत्रांनी बातमीला कौतुकाचा आणि काहीसा गमतीचा सूर लावला. मला गमतीपेक्षा त्या बत्तीस जणांचे कुतूहल अधिक होते. त्यांनी चार राज्यांचा रस्ता ज्या बारकाईने वाचला असेल, तितक्या बारकाईने आम्ही एखादा ग्रंथ वाचतो की नाही, याची शंका यावी.

वाचला, हा शब्द मी सैलपणे वापरलेला नाही. असा बोजा निघण्यापूर्वी मार्गाची पाहणी होते. कोणता पूल किती भाराचा, कोणत्या वळणाला किती जागा, विजेच्या तारा किती उंचीवर, कमान कोठे, रेल्वेचे फाटक कोठे, हे सारे टिपले जाते. चाकांची मांडणी दाखविणारा आराखडा अर्जासोबत जोडावा लागतो, कारण पुलाला एकूण वजनाइतकेच ते किती आसांवर आणि किती अंतरावर पसरले आहे याच्याशी कर्तव्य असते. परवानगीबरोबर अटी येतात. पुलावर एका वेळी हे एकच वाहन असावे. ते पुलाच्या मध्यरेषेवरूनच चालावे. ताशी पाच किलोमीटरच्या गतीने सरकावे. पुलावर ब्रेक लावू नये. शेवटची अट तर मला विलक्षण वाटते. एवढे ओझे घेऊन जाणाऱ्याने धक्का देऊन थांबायचे नाही, कारण थांबण्याचा आघात पुलाला चालण्याच्या भारापेक्षा वाईट. दुरून हॉर्न वाजवीत ओलांडून जाणाऱ्याला ही सावधता दिसत नाही. त्याला फक्त खोळंबा दिसतो.

रस्ता वाचण्यात वरचा भागही येतो, आणि तेथेच बहुधा चूक होते. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत गाडीवर बसून बांबूने तारा उचलणारी पोरे महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. तमिळनाडूतील तंजावरजवळच्या काळीमेडू गावी २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे रथाची सजावट उच्च दाबाच्या तारेला लागली आणि अकरा माणसे गेली. रस्त्याची पातळी नव्या थराने उंच झाली होती, असे तेव्हाच्या वृत्तांतांत आले. रस्ता वर आला, तार होती तेथेच राहिली, रथ नेहमीइतकाच उंच होता. दक्षिणेतल्या देवळांच्या गावांत रथाचे रस्ते ठरलेले असतात. तिरुवारूरचा ९६ फूट उंचीचा, सुमारे तीनशे टनांचा रथ ज्या वीथींतून फिरतो त्या त्याच्यासाठीच रुंद राखलेल्या. तेथे बोजाने गाव घडविले आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटे होते. गाव आधी बसते आणि मग एखाद्या रात्री त्याच्या वेशीवर काही तरी अवाढव्य येऊन उभे राहते.

नियम पाळूनही बोजा दगा देतो, हेही खरे. हैदराबादच्या हुसेनसागरातील बुद्धमूर्ती ५८ फूट उंचीची, एकाच दगडातली. १९८८ मध्ये शेकड्यावर चाकांच्या ट्रेलरवरून ती रस्त्याने सुखरूप शहरात आली. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून जलाशयाच्या मध्याकडे नेताना, किनाऱ्यापासून फार दूर गेलेली नसतानाच ती पाण्यात गेली आणि तिच्याबरोबर काही माणसेही बुडाली. डिसेंबर १९९२ मध्ये तिला वर काढले. रस्त्यावरचे कोस पार पडले आणि पाण्यावरचे थोडके अंतर पार पडले नाही.

परंतु या भव्य बोजांविषयी माझी तक्रार नाही. ते परवानगी मागतात, रात्री निघतात, पुढे-मागे लाल निशाणे असतात, आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला त्यांची आठवण राहते. हिशेब मांडून पाहावा. ७० टन भागिले चौऱ्याहत्तर चाके. प्रत्येक चाकाच्या वाट्याला टनभरही येत नाही. ट्रेलरचे स्वतःचे वजन धरले तरी हा आकडा सामान्य मालट्रकच्या मागच्या चाकाहून कमीच भरावा. त्या ट्रकच्या चार चाकांच्या मागील आसाला जुलै २०१८ पर्यंत १०.२ टनांची मुभा होती. त्या महिन्यात ती ११.५ टन झाली, म्हणजे चाकाला जवळजवळ तीन टन. आणि हे कायदेशीर वजन. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साध्या प्रमाणात होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात, मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून चतुर्थ घाताचा ढोबळ नियम पुढे आला. भार दुप्पट, तर इजा सोळापट. १०.२ चे ११.५ झाले, तेव्हा कागदावर जेमतेम आठवा हिस्सा वाढला होता. रस्त्याच्या हिशेबात ती सुमारे १.६ पट वाढ होती. वाहतूक स्वस्त व्हावी, जादा माल भरण्याची चोरी उरू नये, असे तेव्हा सांगण्यात आले. ते अगदीच खोटे नव्हते. ट्रकवाले जेथे आधीच पोहोचले होते तेथे नियम मागून जाऊन उभा राहिला, इतकेच. भाषेत आम्ही याला रूढीने व्याकरणावर केलेली मात म्हणतो आणि तिचे स्वागतही करतो. डांबराला ते स्वागत परवडत नाही.

चिंता आहे ती विभाज्य बोजाची. ज्याचे दोन ट्रक सहज होऊ शकतात, पण एकातच भरला जातो, तो. कायद्याच्या १९४ व्या कलमानुसार जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. तरी काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराला जणू पासच देण्याची पद्धत पाडली होती. २००५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली : दंड भरला म्हणून जादा बोजासह पुढे जाण्याचा अधिकार मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दोन हजारांवरून वीस हजार झाला आणि प्रत्येक जादा टनाला एक हजाराऐवजी दोन हजार. दंडाच्या रकमेने फरक पडतो, पण तो कोणाच्या खिशातून जातो हे पाहिले पाहिजे. माल भरणारा एक, गाडीचा मालक दुसरा, चालविणारा तिसरा. रस्त्यावर हात दाखविल्यावर खाली उतरतो तो नेहमी तिसरा.

शूद्रकाच्या मृच्छकटिकात सहाव्या अंकात एक जागा आहे, जिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मी आवर्जून वेधीत असे. शकाराचा गाडीवान स्थावरक रथ घेऊन निघाला आहे. रस्ता गावाकडच्या बैलगाड्यांनी तुंबला आहे. तो चारुदत्ताच्या बागेच्या दाराशी गाडी उभी करतो आणि रुतलेल्या एका गाडीचे चाक काढायला हात लावायला जातो. तेवढ्यात वसंतसेना चुकीच्या रथात बसते. पुढचे सारे संकट, गळा दाबणे, खोटा आरोप, वधस्तंभापर्यंतची चारुदत्ताची वाटचाल, या एका खोळंब्यातून निघते. देवलांच्या मराठी नाटकामुळे ही कथा आपल्याकडे घरोघरी गेली. पण प्रेक्षकांना लक्षात राहतो तो दागिन्यांचा आणि मातीच्या गाडीचा प्रसंग. त्या खेड्यातल्या गाड्यांत काय भरले होते हे नाटककार सांगत नाही. मला मात्र नेहमी वाटत आले की त्या वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या असाव्यात. एरवी चाक कशाला रुतेल? आणि स्थावरकाचे मदतीला जाणे, हे त्या नाटकातले एक निरपेक्ष सत्कृत्य आहे. त्याचाच परिणाम इतका भयंकर व्हावा, हा शूद्रकाचा निर्दय भाग मी तासभर उलगडीत बसे.

हे शिकविताना वर्गात बसणारा एक मुलगा होता. एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता, ऊसतोड कामगारांच्या बायका गातात त्या गाण्यांवर लघुप्रबंध लिहीत होता. स्वतः ऊस पिकविणाऱ्या भागातला. फेब्रुवारीत एका रात्री गाणी टिपून मोटारसायकलने परतताना तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही अंगांनी आणि मागेही बाहेर आलेला, त्यामुळे मागचा दिवा असला तरी झाकलेला, आणि बहुधा नसलेलाच. उभ्या होत्या की चालत होत्या, यावर पोलिसांच्या कागदांत आणि गावकऱ्यांच्या सांगण्यात मेळ बसला नाही. त्याची वही मला त्याच्या भावाने आणून दिली. तिच्यात दोन गाणी पुरी होती आणि तिसऱ्याचे धृपद. ती कारखान्याला, मुकादमाला, कोयत्याला नावे ठेवणारी गाणी आहेत. त्यातल्या एकीत गाडीचा पिंजरा आभाळाला लागल्याची तक्रार आहे. ती गाडीत झोपलेल्या पोराच्या तोंडून केली आहे.

त्या अपघातानंतर काही दिवसांनी मी त्या भागातल्या एका कारखान्यावर गेलो होतो, काही साध्य करण्यासाठी नव्हे. गळीत हंगाम भरात होता. फाटकाबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग मैलभर. १९६५ चे एक नियमपत्र आहे, ओझे ओढणाऱ्या जनावरांविषयीचे. बैलाच्या आकाराप्रमाणे आणि गाडीच्या चाकाप्रमाणे किती किलोग्रॅम ओढावयास लावावे हे त्यात सांगितले आहे, आणि उष्णता ३७ अंशांच्या वर जात असेल तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये असेही. तेथे कोणाला ते ठाऊक असावे असे दिसले नाही. बैल उभे होते, जूवर मान ठेवून. सावलीला वड नव्हता. रस्ता रुंद करताना तो गेला होता, असे एका गाडीवानाने न विचारता सांगितले.

फाटकाच्या आत वजनकाटा. प्रत्येक वाहन त्यावर चढते, थांबते, आकडा स्थिरावतो आणि पावती निघते. वाहनाचा क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, तारीख, वेळ, भरलेले वजन. ऊस उतरवून परत येताना रिकामे वजन. आणि दोहोंतली वजाबाकी. किलोग्रॅमपर्यंत चोख, कारण त्यावर पैसे मिळायचे असतात. शेतकरी आकड्याकडे डोळे लावून असतो, मारले जाऊ नये म्हणून. रस्त्यावरून कोणत्या रात्री कोणती ट्रॉली किती टनांनी जादा भरून आली, हे त्या पावत्यांच्या स्थळप्रतींत हंगामागून हंगाम लिहिलेले आहे. ते मिळविण्यासाठी रात्री रस्त्यात कोणाला उभे राहण्याचे कारण नाही. मी काट्यावरच्या लिपिकाला विचारले की या प्रती कोणी मागावयास येते काय. हिशेबतपासनीस येतात, तो म्हणाला, आणि काट्याचा तोल तपासायला वैधमापनवाले येतात. परिवहनचे कोणी? त्याने माझ्याकडे पाहिले, पुढच्या गाडीला हाताने खूण केली, आणि मला काट्यावरून बाजूला व्हायला सांगितले, कारण माझे वजन आकड्यात येत होते.